निनावं, बात आणि बोलिन्हा: नारळाचे भाजलेले गोड पदार्थ पहिल्यांदा करताना

घरात ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासून सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत निनावं, म्हणजे बेसन, गूळ आणि नारळाच्या दुधाची भाजलेली वडी, होत आलंय, आणि तेही वरून छान खरपूस. जाड बुडाच्या पसरट भांड्यात मिश्रण ओतायचं, भांडं मंद शेगडीवर ठेवायचं, वर तवा झाकायचा आणि त्या तव्यावर निखारे रचायचे. विस्तव किती, हे विचारलं की आमची आत्या म्हणायची, "खाली मूठभर, वर ओंजळभर." भांड्याचा तळ थेट तापतो, त्यामुळे त्याला थोडी आच पुरते. वरच्या बाजूला तवा आणि मिश्रण यांच्यामध्ये हवा असते, म्हणून तिथे विस्तव जास्त लागतो. आज ओव्हनची बटणं फिरवतानाही हेच लक्षात ठेवायचं असतं.

या लेखात तीन पदार्थ आहेत: निनावं, गोव्याची बात (काही जण बातिका म्हणतात) आणि बोलिन्हा, म्हणजे नारळ-रव्याची बिस्किटं. क्रमही मुद्दाम असाच ठेवलाय. निनाव्यात अंडं नाही, फुगवायचं काही नाही, त्यामुळे फसायला जागा कमी. बातीत रव्याचा अंदाज यावा लागतो. बोलिन्हा दिसायला सोप्या, पण पाकाची थोडी ओळख हवी.

आधी नारळ

शहाळं किंवा कोवळा नारळ इथे चालत नाही. पिकलेला, हातात जड लागणारा, हलवल्यावर पाण्याचा आवाज येणारा नारळ घ्या. शेंडी थोडी बाजूला करून डोळे बघा. ते ओलसर किंवा बुरशी धरलेले असतील तर दुसरा उचला. फोडल्यावर पाणी वाटीत काढून चाखायचं. आंबूस किंवा तेलकट वास आला तर खोबरं कितीही पांढरं दिसो, तो नारळ गोडाला वापरू नका. भट्टीत तो वास मरत नाही, उलट वाढतो.

मध्यम नारळाचा खोवून साधारण 200 ते 250 ग्रॅम चव (खोवलेलं खोबरं) निघतो. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी आणि साधारण तिसरा हिस्सा तेल असतं. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण पुढचं सगळं त्यांच्यावरच चालतं. पाणी राहिलं की पदार्थ मधे गिच्च होतो, पाणी फार उडालं की भुसभुशीत. शिवाय खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. थंडीच्या दिवसांत सकाळी फ्रीजमधून काढलेलं पीठ दगडासारखं लागलं, किंवा नारळाच्या दुधावर पांढरा थर धरला, तर घाबरून त्यात पाणी ओतू नका. तासभर बाहेर ठेवा, आपोआप सैल होतं. मी पहिल्यांदा पाणी ओतलं होतं. त्या दिवशी बातीऐवजी चमच्याने खायचा शिरा झाला.

खोवताना करवंटीजवळची तपकिरी साल येऊ लागली की थांबा. चवीत फार फरक पडत नाही, पण निनाव्याचा आणि बातीचा रंग मळकट होतो. बोलिन्हा तशाही तपकिरीच होतात, त्यांना थोडी साल चालते.

ओला नारळ मिळत नसेल तर सुकं किसलेलं खोबरं चालेल, मात्र ते तसंच कोरडं घालायचं नाही. 100 ग्रॅम खोबऱ्याला 90 ते 100 मिलिलिटर कोमट पाणी घालून वीस मिनिटं झाकून ठेवा. काही पाकिटांतल्या खोबऱ्यातलं तेल आधीच कमी केलेलं असतं. चिमटीत धरून चोळल्यावर बोटांना जरासुद्धा स्निग्धपणा लागला नाही तर ते खोबरं चटणीला ठेवा. गोठवलेला खोवलेला नारळ मात्र बेलाशक वापरा, पूर्ण वितळवून मगच.

भट्टी, आणि भट्टी नसेल तर

ओव्हन किंवा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) पंधरा मिनिटं आधी 180 अंशांवर तापत ठेवा, वरचा आणि खालचा असे दोन्ही दांडे चालू ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये हे करायचं असेल तर तो कन्व्हेक्शनवर असला पाहिजे. नुसत्या मायक्रोवेव्हवर खोबरं शिजतं, भाजलं जात नाही. लहान ओटीजीत वरचा दांडा पदार्थाच्या फार जवळ येतो, त्यामुळे भांडं मधल्या किंवा त्याखालच्या कप्प्यात ठेवा. आणि बटण 180 दाखवतंय म्हणून आत 180 असेलच असं नाही. पहिल्या खेपेला दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच डोकावायला सुरुवात करा.

ओव्हन नसेल तर जाड कढई किंवा जुना कुकर घ्या. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा, पाणी अजिबात नको. तळाला इंचभर जाड मीठ, त्यावर लोखंडी जाळी किंवा चकती, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग भांडं आत ठेवायचं आणि आच कमी करायची. यात पदार्थ शिजतो व्यवस्थित, पण वरून फिकटच राहतो. त्याला उपाय आत्याच्या ओंजळीचाच: शेवटच्या पाच-सात मिनिटांत दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा लालभडक होण्याच्या बेताला तापवायचा आणि झाकण काढून तो पदार्थापासून दोन बोटं वर येईल असा कढईवर टेकवायचा. हातमोजे जाड घाला आणि मुलं स्वयंपाकघरात नसताना करा. ते मीठ पुन्हा पुन्हा याच कामाला वापरता येतं, स्वयंपाकाला मात्र नाही.

निनावं

लागणारं साहित्य, सात इंची डब्याच्या बेताने:

बेसन 100 ग्रॅम (साधारण एक वाटी), जरासं जाडसर मिळालं तर उत्तम
कणीक पाव वाटी
साजूक तूप 50 ग्रॅम, शिवाय डब्याला लावायला
चिरलेला गूळ 150 ग्रॅम
एका नारळाचं दूध: जाड दीड वाटी, पातळ एक वाटी
वेलची अर्धा चमचा, जायफळ पाव चमचा, चिमूटभर मीठ

इथे वाटी म्हणजे 200 मिलिलिटरची. तुमच्या घरातली वाटी लहान असेल तर सगळं त्याच वाटीने मोजा, एक वाटी एकीकडची आणि दुसरी दुसरीकडची असं नको.

दूध काढायला चव मिक्सरमध्ये घेऊन त्यात एक वाटी कोमट पाणी घाला. पाणी बोट बुडवता येईल इतकंच गरम हवं. मिनिटभर फिरवून पातळ सुती फडक्यातून घट्ट पिळा, हे जाड दूध. तोच चोथा पुन्हा एक वाटी पाण्यात फिरवून पिळला की पातळ दूध. जाड दूध दीड वाटीला थोडं कमी पडलं तर पातळातलं घालून भरून काढा. पाकिटातलं घेणार असाल तर ते बहुधा दाट असतं, त्यात पाव वाटी पाणी मिसळा.

गूळ थेट जाड दुधात टाकून उकळू नका. गुळात थोडा आंबटपणा किंवा खारटपणा असू शकतो आणि त्याने नारळाचं दूध फाटतं. पातळ दूध कोमट करून त्यात गूळ विरघळवा, गाळा आणि बाजूला निवू द्या. गाळणीत राहिलेला कचरा बघितलात की पुढे कधी गाळायचा कंटाळा येणार नाही.

आता खरं काम. जाड बुडाच्या कढईत तूप घालून बेसन आणि कणीक मंद आचेवर भाजायला घ्या. सुरुवातीला पीठ गोळ्यासारखं जड फिरतं, दहा-बारा मिनिटांनी तूप सुटून सैल होतं, आणि मग खमंग वास येतो. रंग बेसनाच्या लाडवासारखा झाला की थांबा. इथे घाई केली तर कच्च्या बेसनाचा वास शेवटपर्यंत राहतो आणि भट्टीत कितीही वेळ ठेवलं तरी जात नाही. निनावं बिघडलं असं लोक म्हणतात तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा ते इथेच बिघडलेलं असतं.

आच बंद करून पीठ पाच मिनिटं निवू द्या. मग जाड दूध थोडं थोडं घालत, प्रत्येक वेळी गुठळ्या मोडत ढवळा. त्यावर गुळाचं दूध, वेलची, जायफळ, मीठ. पुन्हा मंद आचेवर ठेवून सतत ढवळायचं. आठ-दहा मिनिटांत मिश्रण पिठल्यासारखं दाटतं. चमच्याने उचलून सोडल्यावर सलग पट्टीसारखं पडायला हवं आणि पडल्यावर खूण क्षणभर टिकली पाहिजे. इथून पुढे शिजवत बसू नका, उरलेलं भट्टीत होणार आहे.

डब्याला सढळ हाताने तूप लावा, मिश्रण ओता, चमच्याची पाठ तुपात बुडवून वरची बाजू सारखी करा. थर दीड इंचापेक्षा जाड नको. आवडत असेल तर काजूचे तुकडे किंवा थोडी खसखस पेरा. 180 अंशांवर 30 ते 35 मिनिटं. कडा डब्यापासून सुटतात, वरचा रंग गडद सोनेरी होतो आणि मधे बोट हलकेच टेकवलं तर चिकटत नाही. सुरी घालून बघायची सवय असेल तर इथे ती फसवते: निनावं गरम असताना सुरीला नेहमीच थोडं लागतं.

आणि मग गप्प बसायचं. कमीत कमी तीन तास, खरं तर रात्रभर. गरम निनावं कापलं की खीर वाढल्यासारखं ताटात पसरतं. निवलं की तेच वडीसारखं सुरेख कापलं जातं. बाहेर दोन दिवस, उन्हाळ्यात एकच. फ्रीजमध्ये पाच दिवस टिकतं, पण खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गोठलेल्या तुपासकट कुणी खाऊ नये.

बात

गोव्यात नाताळच्या फराळात बात असतेच, आणि आपल्याकडे वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती) घरांत होणारं थाळी स्वीट हे तिचंच बदामाच्या वळणावर गेलेलं भावंड म्हणता येईल. रवा, नारळ, लोणी, साखर आणि अंडी, बस. बाहेरून कोरडी, आतून दाणेदार आणि ओलसर. केकचा हलकेपणा तिच्यात शोधू नका.

प्रमाण आठ इंची डब्यासाठी: बारीक रवा 250 ग्रॅम, ओला चव एका नारळाचा, साखर 225 ग्रॅम, लोणी 125 ग्रॅम, अंडी 3, बेकिंग पावडर एक सपाट चमचा, वेलची किंवा एक चमचा गुलाबपाणी, मीठ चिमूटभर. लोणी खारट असेल तर वेगळं मीठ नको.

आदल्या रात्री:

1. चव मिक्सरमध्ये पाणी न घालता दोन-तीन वेळा थांबत थांबत फिरवा. गंधासारखं बारीक नको, भरड हवं. लांब धागे राहिले तर बात कापताना फाटते.

2. साखर आणि 150 मिलिलिटर पाणी एकत्र उकळा. साखर विरघळून एक उकळी आली की पुरे, तार बघायची नाही. त्यात नारळ घालून दोन मिनिटं हलवा.

3. आच बंद करून लोणी घाला. ते वितळलं की रवा. सगळं सारखं करून निवू द्या आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. ओला नारळ उबेत रात्रभर आंबतो, ओट्यावर राहू देऊ नका.

रात्रभर ठेवायचं कारण रवा. त्याचा दाणा आतपर्यंत भिजायला वेळ घेतो. अर्ध्या तासात भाजायला घातली तर रवा भट्टीत भिजत बसतो, वरचं पाणी ओढून घेतो आणि बात दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकचते. वेळ नसेलच तर चार तास तरी द्या. त्याहून कमी वेळ हाताशी असेल तर त्या दिवशी निनावं करा.

सकाळी पीठ तासभर आधी बाहेर काढा. पिवळा आणि पांढरा बलक वेगळे करा. पिवळा, वेलची आणि बेकिंग पावडर पिठात मिसळा. पांढरा बलक फेटून फेस मऊ टोकं धरेल इतका करा आणि तीन वेळा थोडा थोडा, खालून वर असा हलक्या हाताने मिसळा. पीठ इडलीच्या पिठाहून जाड, चमच्यावरून थपकन पडणारं हवं. फारच घट्ट असेल तर दोन-तीन चमचे दूध. डब्याला लोणी लावून तळाला कागद घाला, कारण खोबऱ्यातली साखर तळाला चिकटून जळते.

180 अंशांवर 45 ते 50 मिनिटं. अर्ध्या तासानंतर वरचा रंग फार गडद होऊ लागला तर फॉइल सैलसर झाका. इथे मात्र सुरी घालून बघा, ती कोरडी यायला हवी. पारंपरिक बातीवर पिठाच्या पट्ट्यांची जाळी असते. त्यासाठी थोडं पीठ बाजूला काढून त्यात मैदा मळतात. पहिल्या खेपेला हा उद्योग करू नका, काट्याने तिरक्या रेघा ओढल्या तरी छान दिसते.

अंडं चालत नसेल तर अंड्यांऐवजी पाऊण वाटी ताजं दही, आणि बेकिंग पावडरऐवजी अर्धा चमचा खायचा सोडा. जे होईल ते चांगलंच लागतं, पण तो रव्याचा केक झाला. बातीचा तो घट्ट, दाणेदार कापा त्यात येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बोलिन्हा

नारळ आणि रव्याची ही गोव्याची बिस्किटं. बात जमली असेल तर यात नवीन फक्त पाक आहे.

250 ग्रॅम साखरेत 100 मिलिलिटर पाणी घालून एकतारी पाक (दोन बोटांत धरून ओढला की एक तार येते असा) करा. त्यात एका नारळाचा बारीक वाटलेला चव घालून पाच-सात मिनिटं परता. नारळ एकत्र येऊन कढईच्या कडा सोडू लागला की उतरवा. आता दोन मोठे चमचे साजूक तूप, वेलची, मीठ आणि आधी कोरडा भाजून निववलेला 250 ग्रॅम बारीक रवा. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी एक अख्खं अंडं आणि एक पिवळा बलक घालून मळा. गोळा हाताला किंचित चिकटेल असा हवा.

पाक पुढे जाऊन दोनतारी झाला तर गोळा सकाळी इतका कडक होतो की मळता मळत नाही. अशा वेळी चमचा चमचा कोमट दूध शिंपडून अर्धा तास ठेवा. उलट पाक कच्चा राहिला तर बोलिन्हा भट्टीत पसरून चपट्या होतात. तेव्हा दोन चमचे रवा आणखी घाला आणि पीठ पुन्हा तासभर ठेवून द्या.

लिंबाएवढे गोळे, हातावर थोडा रवा घेऊन चपटे करा, वर काट्याने उभ्या-आडव्या खुणा. त्या शोभेच्या आहेत खऱ्या, पण खाचांच्या कडा आधी तांबूस होतात आणि खरपूस चव तिथूनच येते. 170 अंशांवर 20 ते 25 मिनिटं. काढताना त्या मऊ लागतात. अजून भाजायला हव्यात असं वाटेल, पण राहू द्या. जाळीवर निवल्या की बाहेरून कडक होतात. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरल्या तर वाफेने सगळा डबा ओला होतो. नीट कोरड्या भाजलेल्या बोलिन्हा घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-बारा दिवस सहज राहतात.

बेबिंका का नाही

नारळाचा भाजलेला गोड पदार्थ म्हटलं की गोव्याची बेबिंका आठवतेच. तिला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नारळाचं दूध, पिवळे बलक, मैदा, साखर, तूप, जायफळ. साहित्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते थर: एक पातळ थर ओतायचा, वरून तांबूस होईपर्यंत भाजायचा, तूप सोडायचं, मग पुढचा. सात तर किमान धरतात. प्रत्येक थराला फक्त वरची आच लागते, आणि नवख्या हाताला आपल्या ओव्हनचा वरचा दांडा किती तापतो हेच अजून माहीत नसतं. बात दोन-तीनदा करून तो अंदाज आला की मग एखादी अख्खी दुपार मोकळी ठेवून बेबिंकेकडे वळा.

राहता राहिला निनाव्याचं दूध पिळून उरलेला चोथा. तो टाकायचा नाही. कढईत कोरडा परतून डब्यात भरा, फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. बोलिन्हा करताना चवाचा चौथा हिस्सा याचा घेतला तरी चालतं, कुणाला कळतसुद्धा नाही. त्याहून जास्त मात्र नको. मी एकदा काटकसर म्हणून अर्धा चोथा घातला. तेल आणि पाणी दोन्ही आधीच पिळून गेलेलं ते खोबरं, त्याच्या बोलिन्हा तोंडात टाकल्या की भुसा. चहात बुडवून कशाबशा संपवल्या.